ललितच्या नावाची मूठ

"पंखा आजना दिन ऱ्हाऊ द्या ना," रंजना खालून म्हणाली. "उकडी मरसूत."

भिकन स्टुलावर उभा राहून छताच्या हुकातून पंखा सोडवत होता. त्याने तोंडात स्क्रू धरले होते, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नव्हतं. आणि उत्तर द्यायचं नसलं की तो हमखास तोंडात स्क्रू धरायचा. पंखा खाली आला. लिंबायतच्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत श्रावणातली चिकट उष्णता लगेच भरून राहिली.

रंजना जमिनीवर बसून कपबशा गुंडाळत होती. गुंडाळायला कारखान्यातलं न रंगवलेलं, मळकट पांढरं कापड होतं. सुरतेत बाकी कशाची टंचाई पडेल, कापडाची पडत नाही. सामान बांधण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. भिवंडी झाली, मालेगाव झालं, मग सुरत. सुरतेतही आधी बमरोली आणि नंतर ही खोली. भिकन मागावरचा मिस्त्री. हाताचा चांगला, पण पायाचा असा, की तो ज्या कारखान्यात जरा रुळेल त्याच्या शेठला दुसऱ्या गावाची ओढ लागलीच म्हणून समजावं. आता कडोदऱ्याच्या शेठने सगळी मशिनं अमरावतीला हलवायचं ठरवलं होतं. मशिनांबरोबर मिस्त्रीही जाणार होता. मशिनांना कोणी विचारलं नव्हतं, तसं मिस्त्रीलाही नव्हतं.

"आपला मुलूख शे," गेले काही दिवस भिकन हेच सांगत होता. आताही स्क्रू खिशात टाकून त्याने तेच सांगितलं. "तठे समदा मराठी बोलतस."

"अमरावती कधीथून आपला मुलूख व्हयना?" रंजना म्हणाली. "गाडी अमळनेरले थांबी, आपण खिडकीमाथून पाही लेसूत. उतरसूत थोडीच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग भिवंडी सोडताना आला होता, मालेगाव सोडताना ती रडली होती. आता दोन्ही करायचा कंटाळा आला होता. नवीन गाव म्हणजे नवीन नळाची वेळ, नवीन रेशनचं दुकान, नवीन शेजारीण आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगणं. कुठल्या, काय करता, मुलं किती. या शेवटच्या प्रश्नाची तर तिला आतापासूनच धास्ती वाटत होती.

भिकन स्टुलावरून उतरला आणि खिडकीच्या फळीवरच्या डब्याकडे बघत म्हणाला, "हाऊ डबा कसाले बाहेर ठेवा? पोत्यामा टाक ना."

"रोटना गहू शेत त्या."

"मंग तठेच करसूत ना रोट. कानबाई काय सुरतनीच शे का?"

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई बसते. नारळाची देवी; तिला नथ घालतात, डोळे लावतात, साडी नेसवतात. सोमवारी तिला नदीवर नेतात आणि नारळ परत घरी आणतात; पाण्यात सोडला, की देवी त्या घरातून गेली. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. मूठ घरातल्या थोरल्याची. तो एकेकाचं नाव घेतो आणि मूठ परातीत सोडतो. ते गहू दळून ज्या पोळ्या होतात त्या घरच्यांनीच खायच्या. शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत. पुनवेच्या आत संपवायच्या, तुकडासुद्धा टाकायचा नाही. घरात माणसं किती, हे रेशनकार्डावर काहीही लिहिलेलं असो, खरं उत्तर रोटाच्या परातीत असतं.

रविवार चार दिवसांवर होता आणि टेंपो परवा सकाळी येणार होता.

"तठे मूठ काढी," रंजना म्हणाली, "तं ललित खावाले कोठे येई?"

ललितचं नाव निघालं की भिकन हाताला काम शोधायचा. आता त्याने पंख्याची पाती पुसायला घेतली.

ललित हा त्यांचा एकुलता मुलगा. चार वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना घर सोडून गेला. भिकनचा थोरला भाऊ सुपडू तेव्हा पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात मुकादम होता आणि त्यानेच ललितला तिथे लावून घेतलं होतं. एक दिवस ललितच्या हातून कापडाचा अख्खा तागा भलत्याच रंगात गेला. सुपडूने सगळ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. ललित उलटून बोलला नाही. त्याने पाळी पुरी केली, हातपाय धुतले, बाहेर पडला आणि घरी यायच्या ऐवजी उधना स्टेशनवर गेला. तिथे त्याला एका ओळखीच्या रिक्षावाल्याने पाहिलं होतं. पुढे कोणी नाही. पोलिसांत फोटो दिला, वापीत दिसला म्हणून भिकन वापीला जाऊन आला, पुण्यात एका हॉटेलात आहे म्हणून पुण्याला. फोन पहिल्या दिवसापासून बंद.

पण रंजनाने गाठ बांधली ती त्या थपडेची नव्हती. पोरं मार खातात. थोरल्या भावाने धाकट्याच्या पोराला मारू नये असं कोणी म्हणत नाही. गाठ बांधली ती त्यानंतर आलेल्या श्रावणातली. तेव्हा दोन्ही भावांचा रोट एकच होता, बमरोलीला सुपडूच्या घरी. सुपडू मुठी काढत होता आणि स्वयंपाकघरात रंजना एकेक नाव ऐकत होती. भिकनचं नाव झालं, तिची मूठ झाली, आणि सुपडू पुढच्या नावावर गेला. ललितचं नाव आलंच नाही. तिने जेठाणीकरवी, म्हणजे थोरल्या जावेकरवी, विचारलं तर तो म्हणाला होता, "खानारा नही त्यानी मूठ कशी लेवानी? रोट उरी तं कोणी खावाना?"

नियमाने तो चुकला नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण जिवंत पोराचं नाव परातीतून गाळलेलं कुठल्या आईला सोसेल? ती रात्रभर जागी राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं पीठ परातीत पसरलेलं असताना तिने दोन्ही हातांनी त्यातलं पीठ उचललं, डब्यात भरलं आणि घराबाहेर पडली. मागून भिकन आला. त्याच दिवशी तिने बाजारातून नारळ आणला, नथ आणली, आणि लिंबायतच्या खोलीत स्वतःची कानबाई बसवली. दोन भावांचे रोट वेगळे झाले. तेव्हापासून दरवर्षी ती भिकनला तीन माणसांच्या मुठी काढायला लावायची आणि ललितच्या वाट्याच्या पोळ्या पुनवेपर्यंत झाकून ठेवायची. पुनवेच्या दिवशी त्या तीच खायची. पोट दुखायचं, पण तिने एक तुकडा टाकला नाही आणि भिकनलाही त्यातला खाऊ दिला नाही.

"वर्षाले पत्ता सांगी ठेवेल शे," भिकन पाती पुसत म्हणाला. वर्षा म्हणजे खालच्या खोलीतली शेजारीण. "पोऱ्या उना तं ती सांगी. आनि तुन्हा फोन बी तोच ऱ्हाई."

"फोन कराले तोंड लागस. दारमा येई उभा ऱ्हावाले नही लागत. दारले कुलूप दिखी तं तो इचारी का कोणले? तो इचारनारा पोऱ्या शे का?"

नव्हताच. लहानपणी दुकानात पाठवला आणि दुकानदाराने पहिल्यांदा ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा मागायच्या ऐवजी हात हलवत परत यायचा. असा पोरगा कुलूप पाहील आणि आल्या पावली जाईल. आणि येईल तर तो रोटालाच येईल, याबद्दल रंजनाला शंका नव्हती. खानदेशी माणूस दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तर गप्प बसतो; रोटाला मात्र कुठूनही येतो.

तिने उरलेल्या कपबशा तशाच ठेवल्या, तोंड धुतलं आणि बरी साडी नेसली. डबा पिशवीत घातला.

"मी बमरोलीले जाई येस," ती म्हणाली. "दादासना रोटमा ललितनी मूठ ठेवी येस. तो घर त्याले ठाऊक शे. तठे कुलूप नही ऱ्हाव."

भिकन फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. रोट वेगळे झाल्यापासून भावाकडे तो एकदाच गेला होता, तेही दवाखान्यात. सुपडूला लकवा मारला तेव्हा खाटेपासून लांब उभा राहून, न बोलता परत आला होता.

"दादानी नही म्हनं तं?"

"तं नही. आते तरी कोठे हा शे?"

"मी येऊ का?"

"नका. तुम्ही दोन्ही भाऊ खाले माना घालीसन बसशात, आनि चहा पीसन उठशात."

लिंबायतच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या बोगद्यात, पाणी साचलं होतं. रिक्षावाल्याने पाय वर घ्यायला सांगितले, तर रंजनाने पाय खालीच ठेवून पिशवी तेवढी मांडीवर घेतली. शेजारची गुजराती बाई "क्यां जवानुं?" म्हणून विचारत होती, तिला रंजना नुसतं "बमरोली" म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. जेठाणी काय म्हणेल हे तिला शब्दन् शब्द माहीत होतं. सुभद्राबाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाला कधी कोणी वेसण घातली नव्हती. ती आत तर घेईल, पण पाण्याबरोबर चार शब्दही पाजेल. पाजू दे. थकलेल्या माणसाला अपमानसुद्धा नीट लागत नाही, असं रंजनाला वाटलं, आणि त्याचं तिला जरा बरंच वाटलं.

बमरोलीचं घर तळमजल्यावर, दार रस्त्यावर उघडणारं. दाराजवळच्या खाटेवर सुपडू उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा हात कोणी त्याच्याजवळ सांभाळायला दिला होता. सुभद्राबाई खाली सूप घेऊन गहू निवडत होती. तेही रोटाचेच.

रंजनाने डोक्यावर पदर ओढला. जेठाणीच्या पाया पडली, आणि जेठाच्या दिशेने लांबूनच जमिनीला हात लावला. जेठाच्या अंगाला हात लावायचा नसतो, त्याच्याशी थेट बोलायचंही नसतं. काही सांगायचं तर जेठाणीला सांगायचं. मग तोही जेठाणीलाच उत्तर देतो. तिघं एकाच खोलीत बसलेली असली तरी हे असंच चालतं, आणि बघणाऱ्याला कितीही हसू आलं तरी त्यांना येत नाही.

"चहा मांडू का?" सुभद्राबाईने सुपातून वर न बघता विचारलं. चहा विचारायचा नसतो, मांडायचा असतो. विचारला म्हणजे काय ते समजून घ्यायचं.

"नको बाई. काम व्हतं."

"अमरावतीले चालनात म्हने. सख्खा भाऊ गाव सोडस, अन् आमले भाजीवाली सांगस."

"परवा टेंपो शे," रंजना म्हणाली. सांगायला यायला हवं होतं, हे खरंच होतं. पिशवीतून डबा काढून तिने पुढे ठेवला. "ललितनी मूठ तुमना रोटमा ल्या, असं सांगाले उनू मी. तो उना तं रोटलेच येई. आनि सुरतलेच येई."

सूप थांबलं. खाटेवर सुपडूने मान वळवली.

"इतला दिनमा याद उनी का रोटनी?" सुभद्राबाई म्हणाली. "आनि एकला पोऱ्यानी मूठ कशी लेवानी? माय-बापना रोट अमरावतीले, पोऱ्याना आठे? असं कोणाना घरमा पाहेल शे का तू?"

"मंग तिघासनी ल्या."

"तिघासनी ली तं रोट एक व्हयना. आनि एक रोटले दोन कानबाया नही ऱ्हातीस. तुन्हीनं काय करशी?"

हे रंजनाने रिक्षातच ठरवलं होतं, तरी तोंडातून काढताना जड गेलं. आयुष्यात तिने स्वतःच्या मनाने उभी केलेली गोष्ट ती एकच होती. नवरा वडिलांनी पाहिला, गावं शेठ लोकांनी ठरवली, खोल्या दलालांनी. कानबाई तेवढी तिने स्वतः बसवली होती. तिची नथ तिने साड्यांना खडे लावून साठवलेल्या पैशांतून घेतली होती आणि दर श्रावणात देवीला साडी नेसवताना तिला माहेरच्या माणसाला नटवल्यासारखं वाटायचं.

"गजेंद्रना हाते पाठवी देसू," ती म्हणाली. गजेंद्र म्हणजे सुभद्राबाईचा मुलगा. "सोमवारले तुमनीनासंगे तापीवर जाई. तुमनी घर परत येई. मन्ही तठेच ऱ्हाई."

सुभद्राबाईला बहुधा भांडण हवं होतं. समोरची बाई सगळंच कबूल करत गेली तर भांडायचं कशावर? तिने उगाचच दोन मुठी गहू सुपात घेतले, पाखडले, खाली ठेवले. मग जे इतकी वर्षं पोटात होतं ते तिने बाहेर काढलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"त्या दिनले परातमाथून पीठ काढी लई गयी तू. सगळासन्या मुठी एक व्हयेल व्हत्यात त्यामा. कोणाना मूठनं पीठ उचलं, तुले तरी ठाऊक शे का?"

रंजनाने मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं. असं कधी तिच्या मनातही आलं नव्हतं. आपलं पीठ आपण नेलं, एवढंच तिला त्या दिवशी वाटलं होतं.

"यासनं बी व्हतं त्यामा," सुभद्राबाईने नवऱ्याकडे न बघता हनुवटीने खाट दाखवली. "मोडेल रोट आम्ही खाधा. पुढला वरीसले यासना हात गया. उजवाच गया. ज्या मुठनी मापेत तोच."

रंजना ऐकत राहिली. तिला आधी संताप आला. माझा पोरगा गेला, आणि हिने माझ्यावरच दोष ठेवला. मग तो ओसरला, कारण तीसुद्धा चार वर्षं हेच करत होती. परातीत नाव घेतलं नाही म्हणून पोरगा सापडत नाही, अशी तिचीही मनोमन खात्री होती. दोन जावा, दोन गल्ल्यांत, एकाच परातीतल्या पिठावर आपापल्या घरचं सगळं वाईट लादून बसल्या होत्या. आणि पीठ तर केव्हाच पोटात गेलं होतं.

"माले नही समजनं बाई तवय," ती म्हणाली. "मी मन्हं समजीसन लई गयू."

"गजूनी माय," खाटेवरून सुपडू बोलला. बायकोला तो असंच हाक मारायचा. ओठ एका बाजूला ओढले गेलेले, त्यामुळे शब्द सावकाश यायचे. "पीठनं काही नही. बीपीन्या गोळ्या लेत नव्हतू मी. डाक्टरनी सांगं ना तुन्हा समोर."

"डाक्टरले काय ठाऊक."

"हा. त्याले बी काय ठाऊक." सुपडूने दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. बाहेरून कापडाचे गठ्ठे लादलेला टेंपो गेला, भिंती हादरल्या. "ज्या हातनी पोऱ्याले मारं, तोच हात गया. माले तं इतलंच ठाऊक शे."

सुभद्राबाईने चपापून त्याच्याकडे पाहिलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत असावी. एका खोलीत राहून एकाच हाताबद्दल नवरा-बायको दोन वेगळ्या गोष्टी मनात धरून होते. रंजनाने पदर आणखी पुढे ओढला. जेठ आपली चूक भावजयीसमोर बोलतो हे ऐकायचीच तिला लाज वाटली, आणि तरी त्यातला एकही शब्द तिला चुकवायचा नव्हता.

"तिले सांग," सुपडू म्हणाला, "तिघासन्या मुठी आठेच ऱ्हातीन."

"आनि पोऱ्याना रोट?" सुभद्राबाईचा आवाज आता तितका धारदार नव्हता, पण नियम तो नियम. "पुनवपर्यंत खावाले कोणी नही उना तं? तुम्हीच म्हनेत ना तवय, खानारा नही त्यानी मूठ लेऊ नही."

"पुनवपर्यंत वाट पाहू. नही उना तं मी खासू."

"तुमले पथ्य शे. गहू बंद शेत तुमना."

"मी खासू," सुपडू पुन्हा म्हणाला. "परात आन."

"मूठ शनिवारले काढतस. आज बुधवार शे."

"शनिवारले ती आठे शे का?"

सुभद्राबाई उठली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, मग चहाचं भांडं ठेवल्याचा. परात घेऊन ती बाहेर आली, पदराने पुसली आणि खाटेच्या कडेला नवऱ्याच्या गुडघ्याशी टेकवली. रंजनाचा डबा उघडून शेजारी ठेवला. तिला अजून पटलेलं नव्हतं, हे तिच्या भांडी ठेवण्यावरून कळत होतं.

"गजूले येऊ द्या ना घर," ती म्हणाली. "दोन वरीसथून तोच काढस मुठी. तुमना हात कोठे मिटस आते?"

सुपडूने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि डब्यात नेऊन ठेवला. बोटं गव्हावर नुसतीच पडली. मग सुभद्राबाई खाली वाकली आणि तिने एकेक बोट गव्हाभोवती मिटवलं, वरून आपला हात आवळून धरला. दोघांच्या हातांची ती मूठ परातीवर आली.

"भिकन," सुपडू म्हणाला. गहू परातीत पडले. वरची पाव मूठही तिनेच त्याच्या बोटांनी काढून दिली.

दुसऱ्या मुठीला तो थांबला. भावजयीचं नाव जेठ घेत नाही, हे रंजनाला माहीत होतं. रोट एकत्र होता तेव्हा तो तिच्या मुठीला काय म्हणायचा हेही तिला माहीत होतं. पण शेवटच्या त्या वर्षी तो नुसतंच "भिकननी बायको" म्हणून पुढे गेला होता. ती मान खाली घालून वाट बघत राहिली.

"ललितनी माय," सुपडू म्हणाला.

चार वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. लिंबायतच्या गल्लीत ती मिस्त्रीण होती, खडे लावण्याच्या कामावर रंजनाबेन. घरात भिकन तिला कशानेच हाक मारत नव्हता. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपल्याला रडू फुटेल. ते फुटलं नाही. नुसती पाठ मागे भिंतीला टेकली, आणि आपण इतका वेळ ताठ बसलो होतो हे तिला तेव्हा कळलं.

तिसऱ्या मुठीला सुभद्राबाईने हात पुढे केला तेव्हा सुपडूने मान हलवून तिला बाजूला सारलं. डाव्या हाताने त्याने स्वतःच उजव्याची बोटं गव्हात दाबली, वरून धरली आणि हात उचलला. परातीपर्यंत येईतो बोटांच्या फटींतून गहू गळून गेले. हातात दोन-चार दाणे उरले. त्याने ते परातीत सोडले नाहीत. हात परत डब्यात रिकामा केला.

"मी धरस ना," सुभद्राबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या वेळीही तेच झालं. सांडलेले गहू चादरीवर पडले, काही जमिनीवर. जमिनीवरचे सुभद्राबाई एकेक वेचत होती; रोटाचे गहू पायाखाली येऊ द्यायचे नसतात. आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण कोणी उठलं नाही. सुपडूच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या वेळी त्याने डावा तळवा उजव्याच्या खाली ओंजळीसारखा धरला, दोन्ही हात छातीशी घेतले आणि मग सावकाश परातीवर आणले.

"ललित," तो म्हणाला, आणि हात उघडले.

अजून वरची पाव मूठ राहिली होती. त्याने पुन्हा हात डब्यात घातला. बोटांत सापडतील तेवढेच दाणे येत होते, कधी पाच-सहा, कधी तेवढेही नाहीत. तो ते परातीत सोडायचा आणि पुन्हा हात घालायचा. घरी भिकन वाट पाहत असेल, भांडी अर्धी उघडी पडलेली आहेत, अंथरुणं बांधायची आहेत, हे सगळं रंजनाला आठवत होतं. ती उठली नाही. पाव मूठ पुरी होईपर्यंत डोक्यावरचा पदर धरून ती भिंतीशी बसून राहिली.